काच दाखवायची कुणाला, प्लायवूडला?

पत्र

काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात धायरीत राहते, वरती थेट गच्ची असलेल्या मजल्यावर. इंटर्नशिपचे पैसे साठवून आणि थोडे बाबांकडून घेऊन पहिला गेमिंग पीसी जुळवतेय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, मदरबोर्ड आणि आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड असं ठरलंय. कार्ड तीन पंख्यांचं आहे, लांबी ३०५ मिलिमीटर. गाडी अडलीय ती कॅबिनेटवर. मला दोन बाजूंनी काच असलेलं, फिश टँकसारखं दिसतं ते हवंय. साडेअकरा हजार. मावसभाऊ म्हणतो, पुढून जाळीचं घे, सहा-साडेसहात येईल. दुकानदार म्हणाला, 'साडेतीन हजारात चार लायटिंगच्या पंख्यांसकट गेमिंग कॅबिनेट देतो, कशाला डोकं लावता?' आणि बाबा म्हणतात, रिकाम्या डब्याला अकरा हजार?

पीसी माझ्या टेबलाखाली, सीपीयूसाठी केलेल्या कप्प्यात राहील. खोली माझी आणि आजीची. ती साडेनऊला झोपते. खिडकीसमोर दोन इमारतींचं बांधकाम सुरू आहे. मी काय घेऊ? आणि बाबांना कसं पटवू?

(धायरीची एक वाचक)

उत्तर

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा वाटलं, 'मावसभावाचं ऐक' एवढं लिहून सुटावं. दुसऱ्यांदा वाचताना 'कप्प्यात' या शब्दाला ठेच लागली. अगं, दोन बाजूंनी काचेचं कॅबिनेट घेऊन तू ते टेबलाखालच्या कप्प्यात सरकवणार. मग आतले दिवे, कार्ड, ते झळाळणारे पंखे बघणार कोण? डावीकडची फळी आणि उजवीकडची फळी.

हा कप्पा ज्या काळात सुतारांच्या डोक्यात बसला, तो काळ पिवळट पांढऱ्या डब्यांचा होता. अख्ख्या डब्याला आपण तेव्हाही 'सीपीयू' म्हणायचो, अजूनही म्हणतो. त्या डब्याला ऊन लागत नव्हतं, घाम येत नव्हता. दिवसभर टॅली चालवली तरी तो कोमट व्हायचा. तुझ्या यंत्राचं गणित वेगळं आहे. ५०६० टीआय खेळताना १८० वॅटपर्यंत वीज खातं. ७६०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण जोर लावला की ८८ पर्यंत जातो. बाकीचं किरकोळ धरलं तर भर खेळात तीनशे वॅटच्या आसपास. छताचा साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅटचा असतो, म्हणजे चार पंख्यांची वीज. आणि या विजेचं पुढे काही होत नाही, ती सगळीच्या सगळी उष्णता होऊन तुझ्या खोलीत उतरते. तीनशे वॅटचा हीटर तीन बाजूंनी बंद फळ्यांत कोंडला, तर तो पुढून तीच गरम हवा परत ओढून घेणार. मग कॅबिनेट साडेतीन हजारांचं असो की पंधराचं.

म्हणून माझं उत्तर दुकानात सुरू होत नाही, तुझ्या खोलीत होतं. आधी टेप घे आणि कप्पा मोज. साधं मिड-टॉवर कॅबिनेट रुंदीला २१ ते २३ सेंटिमीटर असतं. फिश टँकच्या जातीचं मात्र रुंद असतं, कारण त्यात पॉवर सप्लाय मदरबोर्डच्या खाली नसून पाठीमागच्या वेगळ्या खणात असतो. ही जात ज्या कॅबिनेटने घरोघरी पोहोचवली, ते लियान ली कंपनीचं ओ११ डायनॅमिक २७ सेंटिमीटरच्या वर रुंद आहे. तुझ्या कप्प्यात ते बहुधा जाणारच नाही. गेलं तरी मागे वायरींना वळायला जागा लागते. म्हणजे अकरा हजारांचा प्रश्न टेपनेच सुटायची बरीच शक्यता आहे.

कप्पा सोडून दे, असं माझं म्हणणं. त्यात पुस्तकं ठेव. पीसीला दोनच जागा: टेबलावर, नाहीतर टेबलाच्या शेजारी जमिनीवर.

टेबलावर ठेवणार असशील तर एक बारीक गोष्ट आहे, जी लोक कॅबिनेट घरी आणल्यावर शिकतात. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये समोरून पाहिलं तर काच डाव्या अंगाला असते. म्हणजे डबा तुझ्या उजव्या हाताला ठेवलास तरच काच तुझ्याकडे तोंड करते. डाव्या हाताला ठेवलास तर ती भिंतीकडे बघत बसते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने सहा महिने दिव्यांचा खेळ भिंतीला दाखवला आणि मग टेबलच फिरवलं.

जमिनीवर ठेवणार असशील तर खाली पाट घाल. हसू नकोस. आपल्या घरांत रोज केर निघतो, फरशी पुसली जाते. नेहमीच्या रचनेत पॉवर सप्लाय डब्याच्या तळाशी असतो आणि त्याचा पंखा खालून हवा ओढतो. जमिनीला टेकलेला डबा म्हणजे केरसुणीने उडवलेली सगळी धूळ आधी त्याच्या पोटात, आणि पोछ्याचं पाणी उडालं तर तेही. पाटावर डबा दोन-तीन इंच वर जातो, शिवाय त्याचे स्वतःचे पाय असतात, त्यामुळे खालून हवेची वाट मोकळी राहते. पाट डब्याच्या चारही पायांना पुरेल एवढा मोठा हवा, बस. आजीकडे जुना सागवानी असेलच.

आता कॅबिनेटांकडे येऊ. तिन्हींबद्दल सारखंच लिहिणार नाही, कारण तिन्हींची लायकी सारखी नाही.

दुकानदाराचं साडेतीन हजारांचं सोड. पुढे सबंध काच, दोन्ही कडांना बोटभर फट, आणि आत तीन पंखे त्या काचेला नाक लावून बसलेले. हवा येणार कुठून? बरं, या किमतीत येणारे पंखे बहुतेकदा थेट पॉवर सप्लायच्या चार पिनी जाड कनेक्टरला जोडायचे असतात. मदरबोर्डशी त्यांचं बोलणंच नसतं. तू खेळत असलीस काय नि नोट्स वाचत असलीस काय, पंखा एकाच वेगाने घोंघावणार, दिवे एकाच चालीने नाचणार. रात्री साडेनऊला आजीशेजारी हे चालेल का? पत्राही इतका पातळ असतो, की काच काढली की सांगाडा हाताने मुरडतो. आणि मागे कार्ड बसवायच्या खाचांची, म्हणजे स्लॉटची, झाकणं मोडून काढायची असतात. एकदा मोडली की भोक कायमचं उघडं. आपल्याकडे उघड्या भोकाचा अर्थ काय ते सांगतो: पाल. उबदार जागा तिला आवडते. मी आजवर तीन पॉवर सप्लाय असे उघडले आहेत, ज्यांत पाल जळून चिकटली होती, आणि त्यातल्या एकाने मदरबोर्डही सोबत नेला होता. तेव्हा कॅबिनेट कुठलंही घे, स्लॉटची झाकणं स्क्रूने परत बसणारी आहेत ना, हे बघ.

फिश टँक वाईट नसतं. हे मावसभावालाही सांग, कारण 'काच म्हणजे गरम' हे अर्धवट ज्ञान आता सगळीकडे पसरलंय. पुढची काच बंद असली तरी त्या रचनेत हवा खालून आणि बाजूने येते, आणि खालचे पंखे थेट ग्राफिक्स कार्डाच्या पोटावर फुंकतात. कार्डाला ते मानवतं. पण हे सगळं पंखे असतील तर. या जातीची बरीच कॅबिनेटं पंख्यांशिवाय विकली जातात. साडेअकरा हजारांत तुला काच, पत्रा आणि पंख्यांच्या रिकाम्या जागा मिळणार. खाली तीन, बाजूला दोन-तीन, मागे एक असे पंखे घातलेस तर आकडा पंधराच्या पुढे जातो. त्यात खालून हवा ओढणारा डबा, समोर दोन इमारतींचं बांधकाम, आणि सिमेंटची धूळ. दर आठवड्याला खालची जाळी ओढून झाडायची तयारी असेल, टेबलावर उजव्या हाताला तीस सेंटिमीटर जागा असेल आणि आजी दिव्यांना हरकत घेत नसेल, तर खुशाल घे. मी अडवणार नाही. तुझ्या पत्रात यातली एकही गोष्ट दिसली नाही, एवढंच.

राहिलं जाळीचं. तिथे जरा थांबू, कारण 'जाळीचं' म्हटलं की सगळी सारखी नसतात.

कॅबिनेट थंडावा तयार करत नाही, हे आधी पक्कं डोक्यात घे. ते फक्त आतली गरम हवा बाहेर टाकतं आणि खोलीतली आत घेतं. म्हणजे आतल्या भागांचं तापमान हे नेहमी खोलीच्या तापमानावर चढवलेलं असतं. समजा, चांगल्या जाळीच्या डब्यात तुझं कार्ड खोलीपेक्षा ३८ अंश वर राहतं. डिसेंबरात रात्री तुझी खोली २२ अंशांवर असेल तर कार्ड साठाला. एप्रिल-मेमध्ये दिवसा पारा चाळिशीला टेकतो आणि वर गच्चीचा तापलेला स्लॅब. रात्री अकरालाही खोली ३५ अंशांवर असते. तेच कार्ड, तोच खेळ, ७३ अंश. अजून ठीक आहे. आता तेच कार्ड कोंदट डब्यात घाल, जिथे ते खोलीपेक्षा पन्नास अंश वर जातं. डिसेंबरात ७२, तुला कळणारही नाही. मेमध्ये ८५, पंखे किंचाळतील आणि कार्ड स्वतःचा वेग आवरायला लागेल. पुण्यात हिवाळ्यात घेतलेला पीसी म्हणूनच फसवा असतो. गुण दिसतात ते परीक्षा संपल्यावर, मेमध्ये.

ज्यांच्याकडे आधीच काचेच्या तोंडाचं कॅबिनेट आहे, त्यांच्यासाठी जाता जाता: अर्धा तास खेळा, तापमान टिपून ठेवा. मग पुढचं पॅनेल काढून ठेवा आणि तेवढंच खेळा. पाच-सात अंश उतरले तर तुमच्या डब्याला दम लागतोय. नवीन कार्डाचा विचार त्यानंतर करा.

तर जाळी. जाळी दोन प्रकारची असते. एक बारीक, जी स्वतःच गाळणी असते; दुसरी मोठ्या भोकांची, जिच्या मागे वेगळी नायलॉनची गाळणी लावलेली असते. तुझ्या खिडकीसमोरचं बांधकाम बघता मला दुसरी आवडेल, पण गाळणी न झटता निघाली पाहिजे. दुकानात स्वतः काढून बघ. चार स्क्रू आणि तीन वायरी सोडवून निघणारी गाळणी कुणीही धुत नाही. मी स्वतः धुतलेली नाही. चुंबकाने चिकटणारी किंवा खणासारखी ओढता येणारी असेल तर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची, सावलीत पूर्ण वाळवायची, परत बसवायची. धायरीत पाणी येतं त्या दिवशी, असं म्हणतो.

पंख्यांची वाटणी अशी ठेव की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असेल. पुढून तीन आत, मागून एक बाहेर, एवढं तुला पुरे. असं असलं की डब्यात किंचित दाब राहतो आणि फटीफटींतून हवा बाहेरच्या बाजूला जाते. उलट केलंस, म्हणजे बाहेर टाकणारे पंखे जास्त झाले, तर डबा प्रत्येक भोकातून धूळ ओढतो, आणि त्या भोकांना गाळणी नसते. वरच्या झाकणावर तीन पंखे बसवून हौस भागवणारे हीच चूक करतात. पावसाळ्यात या धुळीला दमट हवा लागली की ती पंख्यावर अशी जमते की ब्रशने निघत नाही. जुलैत चार-सहा आठवडे मशीन बंद ठेवायची वेळ आली, तर मध्ये मध्ये तासभर चालू करत जा.

मापांचं थोडक्यात. तुझा मदरबोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. पूर्ण आकाराचा, म्हणजे एटीएक्स, ३०५ बाय २४४ असतो. म्हणजे मायक्रो-एटीएक्सचं लहान कॅबिनेटही चालेल, आणि जागा कमी असेल तर तेच घे. कार्ड ३०५ आहे, तेव्हा कॅबिनेटच्या माहितीत कार्डासाठी किमान ३३० लिहिलेलं हवं. पुढच्या बाजूला कधी लिक्विड कूलिंगचा, म्हणजे प्रोसेसर द्रवाने गार करायचा, रेडिएटर लावायचं मनात असेल तर रेडिएटर आणि पंखा मिळून पन्नासेक मिलिमीटर त्यातून वजा कर. तुझ्या प्रोसेसरला मात्र लिक्विड कूलिंगची मुळीच गरज नाही, दुकानदार कितीही म्हणो. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरची उंची १६० मिलिमीटर किंवा जास्त मावेल असं बघ. आणि पुढच्या तोंडावर टाइप-सी पोर्ट असेल तर मदरबोर्डवर त्याचं वेगळं कनेक्टर आहे का, ते आत्ताच तपास. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर नसतं, मग तो पोर्ट शोभेचा राहतो.

कूलरचा विषय निघाला म्हणून सांगतो. ७६०० च्या खोक्यात एएमडीचा छोटा कूलर फुकट येतो. काम करतो, पण जोर आला की कुरकुरतो, आणि तो आवाज बारीक, कानात शिरणारा असतो. दोन-अडीच हजारांत एका पंख्याचा बरा टॉवर कूलर मिळतो, उंची साधारण १५५ मिलिमीटर. साडेसहाचं कॅबिनेट आणि अडीचचा कूलर मिळून नऊ. तुझ्या फिश टँकपेक्षा अडीच हजार कमी, आणि आजीला झोप. माझे पैसे असते तर मी ते असेच लावले असते.

आजीबद्दल अजून दोन शब्द, कारण त्या खोलीत तीही राहते आणि पत्रात तिचं मत कुठे दिसलं नाही. पंखे चार पिनांचे घे, मदरबोर्डला जोड, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन असं ठरव की प्रोसेसर साठ अंशांच्या खाली असेपर्यंत पंख्यांनी आवाज चढवायचा नाही. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो, म्हणून १२० पेक्षा १४० मिलिमीटरचे पंखे कानाला बरे. लियान लीच्या लॅनकूल २१६ मध्ये तर पुढे १६० मिलिमीटरचे दोन येतात. तुझ्या बजेटात ते बसेल न बसेल, पण आवाज कसा असावा हे ऐकायचं असेल तर कुणाकडे असल्यास ऐकून घे. दिव्यांचं असं, की पंख्याचे दिवे पाच व्होल्टच्या तीन पिनी कनेक्टरचे असतील तर मदरबोर्डवरून साडेनऊला बंद करता येतात. शेजारीच बारा व्होल्टचं चार पिनी कनेक्टर असतं. पाचवालं चुकून त्यात खुपसलंस तर दिवे क्षणात जळतात, आणि वॉरंटीत ते बसत नाही. पॉवर बटणाचा निळा ठिपका अंधारात डोळ्यात जातो. त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लाव. आणि आजीने मिक्सरला, टीव्हीला विणलेली कव्हरं घातली असतील तर तुझ्या पीसीवरही एक येणारच. येऊ दे. फक्त मशीन पूर्ण बंद असताना घालायचं, हे तिला तू सांग, मी सांगितलेलं आवडायचं नाही.

जाळीच्या कॅबिनेटलाही एका बाजूला काच असतेच, त्यामुळे तुझी हौस अगदीच मारली जात नाही. पण त्या काचेची एक गोष्ट ऐक. २०१९ साली एका ओळखीच्या मुलाचा पीसी जुळवताना मी काचेचं पॅनेल काढलं आणि हॉलच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर, भिंतीला टेकवून उभं ठेवलं. अलगद ठेवलं. आवाज फटाक्यासारखा झाला आणि पॅनेलच्या जागी खडीसाखरेचा ढीग. ही काच तापवून एकदम थंड केलेली असते, तिच्या आत कायमचा ताण भरलेला असतो. मधोमध बुक्की मारली तरी सहन करते, पण कडेवर टाइल्ससारख्या कठीण वस्तूचा बारीक ओरखडा पडला की तो सगळा ताण एका क्षणात सुटतो. त्या घरात दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली दाणे सापडले म्हणे. तेव्हापासून मी आधी गोधडी मागतो, मग स्क्रू ड्रायव्हर काढतो.

आणखी एक तक्रार लोक कॅबिनेटच्या नावावर खपवतात: पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. दोष कॅबिनेटचा नसतो, भिंतीतल्या प्लगचा असतो. प्रत्येक पॉवर सप्लायमध्ये विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते गळालेला अगदी बारीक प्रवाह पत्र्यामार्गे अर्थिंगला सोडतात. अर्थिंग नसलं तर तो पत्र्यावरच थांबतो आणि तुझ्यातून वाट शोधतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो प्लग तपासून घे. पीसी येण्याआधी. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावणार असशील तर हे सगळं वाचलंस ते फुकट.

आता बाबा. 'रिकामा डबा' हे त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॅबिनेट खेळात सेकंदाला एकही फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं चित्र, वाढवून देत नाही. साडेअकरा आणि साडेसहा यांतले पाच हजार कार्डात किंवा एसएसडीत घातलेस तर फरक दिसतो, डब्यात घातलेस तर दिसत नाही. उरलेलं अर्धं त्यांना असं सांग: यातला प्रत्येक भाग म्हातारा होतो, डबा होत नाही. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं आणि मदरबोर्डच्या स्क्रूंची भोकं अजून त्याच जागी आहेत. मी २०१२ साली घेतलेल्या कॅबिनेटमध्ये आज तिसरा मदरबोर्ड आहे. मधल्या काळात कार्डं लांब झाली आणि पुढचा हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा यायला लागला, तेव्हा त्याचे रिव्हेट ड्रिलने उडवून मी पिंजराच भंगारात दिला. बायको म्हणाली, नवीन घ्या. घेतलं नाही. दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूला साडेसहा हजार म्हणजे महिन्याला चोपन्न-पंचावन्न रुपये पडले. हा हिशोब बाबांना माझ्यापेक्षा लवकर जमेल.

पण खरं सांगू, पटवत बसू नकोस. त्यांना बरोबर ने. मंडई स्टेशनला मेट्रोने उतरलात तर कॉम्प्युटरच्या दुकानांची तपकीर गल्ली चालत गाठता येते आणि पार्किंगवरून भांडण होत नाही. तिथे नाही मिळालं तरी दोन-चार डबे हाताळायला मिळतील, मग ऑनलाइन मागवताना आपण काय घेतोय ते कळेल. दुकानात बाबांच्या हातात कॅबिनेट दे आणि काही बोलू नकोस. आधीच्या पिढीला पत्रा कळतो. ते अंगठ्याने दाबून बघतील, कोपरे चाचपतील, दार उघडून मिटून बघतील, आणि साडेतीन हजारांचं आपणहून बाजूला सारतील. मग त्यांना टेप द्यायचा आणि कप्प्याचं, टेबलाचं, पाटाचं माप लिहिलेला कागद. घरून निघताना तो टेप पिशवीत टाकायला विसरू नकोस. दुकानातला कधीच सापडत नाही.